घाटातल्या रेल्वेला दिवे लावण्याआधी

गणपती बसायला तीन आठवडे आहेत, म्हणून त्याच्यापुढच्या छोट्या रेल्वेच्या देखाव्याला दिवे लावायची यादी आत्ताच लिहून काढतोय. गेल्या वर्षी हीच यादी डोक्यात होती, आणि डोक्यातल्या यादीतून नेमका फ्यूज गळला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आरती अगदी रंगात आलेली असताना, आमच्या भोर घाटाच्या देखाव्यातल्या बोगद्यातून धूर यायला लागला. शेजारच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, काकांनी वाफेच्या इंजिनाचा धूर केलाय. आईच्या नाकाला आधी कळलं. हातातली टाळ बाजूला ठेवून ती म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय."

तर पहिली गोष्ट: गाडीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर फक्त गाडीला, दिव्यांचा पुरवठा वेगळा. रुळांवरूनच दिवे घेतलेत तर गाडी धावताना स्टेशन उजळेल आणि गाडी थांबली की फलाटावर अंधार. यावर जास्त बोलायला नको.

पुरवठा १२ व्होल्टचा घ्या, पण किती अँपिअरचा ते आधी हिशेब करून ठरवा. चाळीस दिवे, प्रत्येकी १० मिलिअँपिअर, म्हणजे ४०० मिलिअँपिअर. फलाटावर मीटरभर एलईडी पट्टी, छोटे साठ एलईडीवाली, ती आणखी ४०० खाते. एकूण एक अँपिअरसुद्धा होत नाही. २ अँपिअरचा बंद डब्यातला अ‍ॅडाप्टर पुरे. मी ५ अँपिअरचा उघडा एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ करणारा पुरवठा) आणला, 'पुढे लागेल' म्हणून. त्या पत्र्याच्या खोक्याच्या कडेला २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. घरात लहान मुलं असतील तर हा लाड करूच नका.

आता फ्यूज. बोगद्याच्या दिव्यांना मी केसासारखी वायंडिंगची (मोटरच्या आत गुंडाळतात ती) तार वापरली होती, ती लपते म्हणून. जाऊन-येऊन तीन मीटर. डोंगराच्या प्लास्टरखाली लोखंडी जाळी होती. तिच्या धारेवर तारेवरचं लाखेचं आवरण दोन ठिकाणी खरवडलं आणि शॉर्ट झालं. एवढ्या बारीक तारेचा स्वतःचाच रेझिस्टन्स तीनेक ओहम, म्हणजे तीन-चार अँपिअर वाहू लागले. ५ अँपिअरच्या एसएमपीएसला त्यात वावगं काही दिसलंच नाही, तो निमूटपणे देत राहिला. तार तापून लाल झाली आणि मागचा पुठ्ठा धुमसायला लागला. "एमसीबी कसा नाही पडला?" असं मेहुण्याने नंतर विचारलं. एमसीबी म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारं घराचं बटण. ते कसं पडेल? २३० व्होल्टच्या बाजूला तो सगळा प्रकार एका जुन्या बल्बएवढा, पाव अँपिअरसुद्धा नाही.

म्हणून प्रत्येक शाखेला वेगळा फ्यूज. स्टेशन एक, घाट एक, बोगदा एक. काचेचा साधा ५ बाय २० मिलिमीटरचा, ५०० मिलिअँपिअरचा, तोही पुरवठ्यापासून वीतभरात, दिव्याजवळ नाही. पुरवठ्यापासून फ्यूजपर्यंतच्या तारेला फ्यूजचं संरक्षण नसतं, हे लक्षात घ्या. आणि 'सगळ्यांना मिळून एक मोठा फ्यूज लावतो' म्हणू नका. फ्यूज शाखेतल्या सगळ्यात बारीक तारेसाठी असतो.

एलईडीला करंट रोखणारा रेझिस्टर हवाच. १२ मधून ३ व्होल्ट एलईडीचे वजा केले की ९ उरतात, १० मिलिअँपिअरला ९०० ओहम, म्हणून बाजारात सहज मिळणारा १ के, म्हणजे हजार ओहमचा. पण मला १८६३ चा घाट करायचाय, गाडीची दिशा उलटवणाऱ्या रिव्हर्सिंग स्टेशनासकट. तेव्हा तिथे तेलाचे कंदील असणार, ट्यूबलाइट नव्हे. पिवळसर एलईडी आणि ४.७ के लावून पाहा. दोनच मिलिअँपिअर जातात, तरी अंधाऱ्या खोलीत छान मिणमिणतं. गेल्या वर्षीच्या पांढऱ्याफेक उजेडात माझं स्टेशन पेट्रोल पंप दिसत होतं. पुठ्ठ्याच्या इमारती आतून काळ्या रंगवा, नाहीतर भिंतींतून उजेड झिरपून त्यांचा आकाशकंदील होतो.

गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे हलवणाऱ्या कॉइलला वेगळा अ‍ॅडाप्टर द्या. ती क्षणभरच, पण बरेच अँपिअर ओढते आणि तेवढ्यात सगळे दिवे डोळा मारतात. तिला दाबून सोडायचं बटणच लावा. साधा स्विच लावलात आणि तो चालू राहिला तर कॉइल गेली. मध्ये कपॅसिटरवालं (वीज साठवून एकदम झटका देणारं) युनिट टाकलंत तर उत्तम.

प्लायवूडखालची मुख्य जोडी १ चौरस मिलिमीटरची, लाल-काळी. जिथे जिथे तार जाळीतून किंवा भोकातून जाते तिथे स्लीव्ह (प्लास्टिकची नळी) घाला. गेल्या वर्षी दहा रुपयांच्या स्लीव्हचा कंटाळा केला होता. प्लास्टर ओतायच्या आधी मल्टिमीटर बीपवर (तारा जुळल्या की वाजतो) लावून लाल-काळ्यात आणि तार-जाळीत शॉर्ट नाही ना ते पाहा. ओतल्यावर पाहून काय उपयोग, डोंगर फोडणार आहात का? मी फोडला, विसर्जनाच्या आधीच.

उरलेलं भराभर. तारांना चिठ्ठ्या. जोडांवर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). मूर्ती आणायच्या आधी दोन तास सगळं चालू ठेवून तारांना हात लावून बघा, गरम लागली तर बंद. झोपताना मुख्य बटण बंद, समई असो नसो. टॉर्च, सुटे एलईडी. आणि फ्यूज, सुटे, किमान दहा. उडाला म्हणून त्याजागी तारेचा तुकडा गुंडाळणाऱ्याने माझ्याकडे आरतीला येऊ नये.

मी कालच बुधवार पेठेतून दहा फ्यूज आणले. घरी येऊन पिशवी उघडली तर होल्डर आणायचे राहिलेत. उद्या परत जायचंय.