व्हिएतनाममधली कुंडीतली झाडं: कधी जायचं, कुठे जायचं आणि झाड कसं बघायचं

व्हिएतनामचे बोन्साय बघायला जायचं असेल तर आधी तारीख पक्की करा, ठिकाणं नंतर. तिथला झाडांचा बाजार अजूनही चांद्र पंचांगावर चालतो आणि त्याचा कळस म्हणजे तेत, त्यांचं नववर्ष. 2027 मध्ये तेत 6 फेब्रुवारीला आहे. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत रोपवाटिका भरलेल्या असतात, छाटणी-सजावटीचं काम उघड्यावर चाललेलं असतं आणि रस्त्यावर दुचाकीच्या मागे कुंडीसकट झाडं निघालेली दिसतात. प्रत्यक्ष तेतचे पहिले तीन-चार दिवस मात्र टाळा. दुकानं आणि रोपवाटिका बंद असतात, चांगली झाडं आधीच लोकांच्या अंगणात पोहोचलेली असतात आणि रेल्वे-बसची तिकिटं मिळत नाहीत. ई-व्हिसाचं कामही या सुट्टीत थांबतं, म्हणून अर्ज महिनाभर आधी करा. एकदा प्रवेशाच्या व्हिसाला 25 डॉलर लागतात आणि तो जास्तीत जास्त 90 दिवसांचा मिळतो.

तारखा जुळवणं आपल्याला सोपं आहे. त्यांचा महिनाही अमावास्येपासून सुरू होतो, फक्त ते पक्ष न पाडता 1 ते 30 सलग मोजतात. त्यांची 9 तारीख म्हणजे साधारण आपली शुद्ध नवमी आणि 19 म्हणजे वद्य चतुर्थी. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तेवढं तपासून घ्या. हे कामी येतं ते हनोईच्या बुओई बाजारासाठी. झाडं, कुंड्या, खत, अवजारं यांचा हा जुना बाजार चांद्र महिन्याच्या 4, 9, 14, 19, 24 आणि 29 तारखांना पूर्ण भरतो. सकाळी लवकर जा.

आधी डोळा तयार करा

बोन्साय म्हटलं की टेबलावर मावणारं झाड डोळ्यांसमोर येतं. इथे ती कल्पना बाजूला ठेवा. लहान झाडंही आहेत, पण मंदिराच्या किंवा घराच्या अंगणात माणसाच्या उंचीची, कधी त्याहून मोठी झाडं सिमेंटच्या किंवा चिनीमातीच्या कुंडीत उभी असतात. शोभेच्या झाडांना उत्तरेत 'कै कान्ह' म्हणतात, दक्षिणेत 'कै किएंग'. ज्या झाडाला ठरावीक पवित्रा दिला आहे ते 'कै थे'. 'थे' म्हणजे झाडाची ठेवण आणि त्या ठेवणीतून सांगितलेला अर्थ. 'फू तु' म्हणजे बाप-लेक: एका मुळातून एक जाड आणि एक बारीक खोड, धाकट्याचा कल थोरल्याकडे. 'हुइन्ह दे' म्हणजे भाऊ-भाऊ. 'बात फाँग' म्हणजे वाऱ्याने एका बाजूला ओढलेलं झाड. उत्तरेतल्या 'लांग के' प्रकारात पसरट झाडाखाली विहीर, झोपडी, म्हैस मांडून अख्खा गाव उभा करतात.

झाड नेहमी खालून वर बघा. आधी मुळं: ती चारही बाजूंना पसरून माती धरतात का? मग खोड: वर जाताना निमुळतं होत गेलंय का? निमुळतेपणा सहज येत नाही. झाड जमिनीत लावून जाड होऊ देतात, खोड कापतात, वरची एक फांदी पुन्हा जाड होईपर्यंत मोकळी सोडतात आणि परत कापतात. म्हणून खोडावरच्या जखमा शोधा. भरून आलेली, साल वळून झाकलेली जखम म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. उघडी किंवा लेप लावून लपवलेली जखम असेल तर झाड घाईने बाजारात आणलेलं असू शकतं. त्यानंतर फांद्या आणि शेवटी पानांचे थर. नवखा माणूस पानांपासून सुरुवात करतो आणि नेमका तिथेच फसतो, कारण दाट पानं बऱ्याच उणिवा झाकतात. जाणकारांचे निकष चार: को, की, मी, व्हान. झाड जुनं दिसावं, विलक्षण असावं, सुंदर असावं आणि त्यात काही संस्कार, काही आशय असावा.

'हॉन नॉन बो'समोर जरा जास्त वेळ थांबा. पाण्याच्या उथळ टाकीत सच्छिद्र दगडांचा डोंगर, त्यावर शेवाळ आणि बारीक पानांची झाडं, कपारीत मातीचे कोळी, लाकूडतोडे, देवळं. डोळे पाण्याच्या पातळीपर्यंत खाली आणलेत तरच प्रमाण जुळतं. उभ्याने बघितलं तर नुसता दगडांचा ढीग दिसतो. हे बघण्याआधी निन्ह बिन्हच्या चांग आन भागात होडीतून फिरून घेतलंत तर हे डोंगर कुठून आले ते आपसूक कळेल: पाण्यातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे सुळके.

कुठे जायचं

एकच ठिकाण जमणार असेल तर नाम दिन्ह शहराजवळचं वी खे गाव निवडा. हनोईपासून दक्षिणेला साधारण 90 किलोमीटर. रेल्वेने नाम दिन्हला उतरून पुढचे पाचेक किलोमीटर टॅक्सीने. नाम दिन्ह प्रांत जुलै 2025 मध्ये निन्ह बिन्ह प्रांतात विलीन झाला, त्यामुळे नकाशावर आता नवं नाव दिसेल. झाडांची कला इथे सुमारे 800 वर्षांची मानतात. एकेक घर म्हणजे एकेक बाग आहे. याच परिसरात पहिल्या चांद्र महिन्याच्या 7 तारखेच्या रात्रीपासून 8 तारखेपर्यंत व्हिएंगचा बाजार भरतो. 2027 मध्ये ती 12 फेब्रुवारीची रात्र. वर्षाचं नशीब विकत घ्यायचं म्हणून लोक इथून एखादं रोप किंवा अवजार नेतातच. गर्दी प्रचंड असते, मुक्काम आधी ठरवा.

हनोईतच राहणार असाल तर न्हात तानची पीचची झाडं आणि तु लिएनचे कुंडीतले कुमक्वाट, म्हणजे ती बारीक केशरी लिंबूवर्गीय फळं, तेतआधी जरूर बघा.

दक्षिणेत हो ची मिन्ह शहराच्या ताओ दान बागेत तेतच्या वेळी पुष्पोत्सव भरतो. त्यात बोन्साय आणि हॉन नॉन बो एकाच जागी बघायला मिळतात, आणि ऐन तेतच्या दिवसांतही तो चालू असतो. तिथून सुमारे 140 किलोमीटरवर सा देक. इथे फुलझाडांच्या कुंड्या पाण्यावर उभारलेल्या मचाणांवर ठेवतात, कारण मेकाँगचं पाणी दरवर्षी चढतं. पुढे व्हिन्ह लाँगहून को चिएन नदी ओलांडली की चो लाच आणि काय मन ही झाडांची गावं. तारेच्या सांगाड्यावर झाड वळवून केलेले ड्रॅगन, हरणं, कोंबडे ही इथली खासियत.

दक्षिणेतलं तेतचं झाड म्हणजे पिवळ्या फुलांचं माई. ते बरोबर सणाच्या दिवशी फुलावं म्हणून बाराव्या चांद्र महिन्याच्या मध्यावर, म्हणजे साधारण पंधरा दिवस आधी, सगळी पानं हाताने खुडतात. कळ्या टपोऱ्या असतील तर खुडणी चार-पाच दिवस पुढे ढकलतात, बारीक असतील तर आधी करतात. थंडी वाढली तर हिशेब चुकतो आणि फुलं सणानंतर येतात. खुडणी बघायला मिळाली तर हातांकडे लक्ष द्या: एका हाताने काडी धरून दुसऱ्याने एकेक पान काढतात, कारण कळी पानाच्या बेचक्यातच असते आणि ओढाताण झाली की तीही जाते.

वागणं आणि खरेदी

बाग म्हणजे बहुतेक वेळा कुणाचं तरी घर असतं. फाटकातून हाक द्या. वयस्कर माणसाला 'छाओ बाक' म्हणा. काका-मावशीसारखी हाक इथेही चालते. नुसता उच्चार करून झाडाचं नाव विचारलंत तर सूर चुकल्याने समजत नाही (व्हिएतनामीत सुराने शब्दाचा अर्थ बदलतो), म्हणून नाव फोनवर लिहून दाखवा. फोटोआधी विचारा. कुंडी फिरवू नका, पानांना हात लावू नका. चहा पुढे आला तर बसा. खरं बोलणं तिथेच सुरू होतं.

झाड विकत घेऊन भारतात आणायच्या फंदात पडू नका. आयात परवाना, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (झाडाला कीड-रोग नसल्याचा दाखला) आणि क्वारंटाइन तपासणी लागते. मातीसकट झाड विमानतळावरच जप्त होईल. त्याऐवजी हनोईजवळच्या बात चांग या कुंभारांच्या गावाला जा. हनोईतल्या लाँग बिएनहून 47ए क्रमांकाची बस थेट जाते. कुंड्या आणि हॉन नॉन बोमध्ये ठेवायच्या मातीच्या बाहुल्या तिथे मिळतात. कुंडी घेताना तळाची भोकं बघा, नुसत्या शोभेच्या कुंड्यांना ती नसतात. छाटणीची कात्री चेक-इन सामानात टाका.

आणि प्रत्येक बागेत 'सुंग' कुठे आहे ते विचारा. ते आपलंच उंबर. तिथे ते समृद्धीचं झाड मानतात आणि खोडावर फळांचे घोस यावेत म्हणून जपतात. 'दे' म्हणजे पिंपळ, 'मे' म्हणजे चिंच. माई चिएउ थुई हे आपल्या काळ्या कुड्याच्या कुळातलं. या झाडांची मुळं दगडावर कशी बसवली आहेत, छाट कुठे घेतली आहे, पारंब्या कुठे वळवल्या आहेत, याचे फोटो चारही बाजूंनी आणि अगदी जवळून काढा. ती झाडं पुण्यात किंवा पणजीत रोपवाटिकेतून आणता येतात, आणि फोटोत दिसणारी प्रत्येक छाट त्यांच्यावर करून बघता येते.