एनके-९२ सेल्स वाढवायच्यात? आधी घाई सोडा

एनके-९२ (कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या ‘नॅचरल किलर’ म्हणजे एनके या रोगप्रतिकारक पेशींची लाइन) लॅबमध्ये आल्या की पहिला मोह होतो तो म्हणजे के-५६२ (ल्युकेमियाच्या सेल्सची लाइन) सारखं आरपीएमआय या नेहमीच्या मीडियममध्ये दहा टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाच्या रक्ताचं सीरम) घालून त्यात टाकून मोकळं व्हायचं. तसं करू नका, उपाशी मरतील. या सेल्स १९९२ साली नॉन-हॉजकिन लिम्फोमा झालेल्या पन्नाशीतल्या एका पुरुषाच्या रक्तातून वाढवल्या गेल्या आणि तेव्हापासून त्यांचे नखरे आहेत ते आहेतच.

मीडियम, म्हणजे सेल्सचं द्रव खाद्य, हवं अल्फा-एमईएम, न्यूक्लिओसाइड्स नसलेलं. त्यात १२.५ टक्के हॉर्स सीरम, १२.५ टक्के एफबीएस, शिवाय ग्लुटामिन, इनॉसिटॉल, फॉलिक अ‍ॅसिड, मर्काप्टोइथेनॉल. आणि आयएल-२ (इंटरल्युकिन-२, या सेल्सना जगायला लागणारं प्रथिन), १०० ते २०० युनिट प्रति मिली. आयएल-२ नसेल तर तीनेक दिवसांत सगळा फ्लास्क गेला समजा, म्हणून आयएल-२ चे छोटे अ‍ॅलिकॉट (एका वेळेपुरते भाग) करून फ्रीझरमध्ये ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका आणि मीडियम बदलताना दर वेळी ताजं घाला. सीरमचा लॉट बदलला तर जुना संपायच्या आधी थोड्या सेल्सवर नवा ट्राय करून बघा, सीरमवर पैसे वाचवायला जाऊच नका.

फ्रीझ केलेल्या सेल्स थॉ केल्यावर (वितळवल्यावर) पहिला आठवडा वैताग असतो. निम्म्या मेलेल्या दिसतात, वाढ शून्य, आणि माणूस घाबरून रोज सेंट्रिफ्यूज करत बसतो, तिथेच वाट लागते. छोट्या फ्लास्कमध्ये कमी मीडियम ठेवा, फ्लास्क उभा ठेवा म्हणजे सेल्स एकत्र राहतात, दोन-तीन दिवसांनी अर्धं मीडियम हळूच बदला, बाकी हात लावू नका. गुठळ्या दिसल्या तर आनंद माना, या सेल्स गुठळ्या करूनच वाढतात. मोजण्यापुरता थोडा नमुना काढून तेवढाच पिपेटने मोकळा करा, ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या सेल्स निळ्या करणारा रंग) लावा. स्प्लिट करताना (वाढलेल्या सेल्स ताज्या मीडियममध्ये वाटताना) मिलीला दोन-तीन लाख सेल्सच्या खाली जाऊ नका, फार पातळ केल्या की रुसतात.

हो, यांच्यात ईबीव्ही (एपस्टीन-बार) व्हायरस असतो, त्यामुळे बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी दोन) हूडमध्येच काम, उघड्या बेंचवर नाही.

किलिंग अ‍ॅसेला (एनके सेल्स किती टार्गेट सेल्स मारतात ते मोजणारी चाचणी) टार्गेट के-५६२ घ्या, त्यावर एमएचसी क्लास वन (एनके सेल्सना ‘मारू नको’ सांगणारं पृष्ठभागावरचं प्रथिन) जवळपास नसतं म्हणून एनके सेल्स त्यांना पटकन मारतात. एनके आणि टार्गेट यांचे एकास एक, पाचास एक, दहास एक असे रेशो लावा, चार तास ठेवा. नुसते टार्गेट आणि ट्रायटन या डिटर्जंटने पूर्ण फोडलेले टार्गेट, हे दोन्ही कंट्रोल हवेतच, त्यांच्याशिवाय टक्केवारी काढताच येत नाही. आणि रिटक्सिमॅबसारखी अँटिबॉडी घालून किलिंग वाढतंय का बघणार असाल तर थांबा, साध्या एनके-९२ वर सीडी-१६ (अँटिबॉडी पकडणारा रिसेप्टर) नसतो, अँटिबॉडी धरणार कशाने? त्यासाठी सीडी-१६ जीन घातलेली लाइन मागवा.