सोलापूरच्या उन्हाळ्यात फ्लॅट राहण्याजोगा कसा ठेवायचा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो, पण शेवटच्या मजल्यावर खरा त्रास रात्री होतो. दिवसभर तापलेला स्लॅब अंधार पडल्यावर उष्णता खाली सोडतो. झोप मोडते, आणि म्हातारी माणसं व लहान मुलं यांना ते सर्वांत आधी बाधतं.

म्हणून सुरुवात गच्चीपासून करा. फेब्रुवारीअखेर गच्ची झाडून धुऊन घ्या. भेगा आधी भरा, नाहीतर पावसाळ्यात ओल उतरते. पांढरी गच्ची ऊन परतवते आणि कमी तापते, म्हणून तिला चुना द्यायचा. तो रात्रभर भिजवून गाळा, थोडा फेविकॉल मिसळा, म्हणजे पायाला भुकटी लागत नाही, आणि संध्याकाळी दोन हात द्या. भर उन्हात दिला तर लगेच वाळून पोपडे धरतो. चुना डोळ्यांत उडू नये म्हणून फार जपा. धुळीनं पांढरेपणा गेला की उपयोगही जातो, त्यामुळे दरवर्षी नवा हात हवा.

पश्चिमेच्या खिडकीला छज्जा पुरत नाही. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं. बांबूची चिक बाहेरून लावा. आतला पडदा फारसा कामाचा नाही, कारण काचेतून ऊन आत आलेलंच असतं.

कूलर खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवाच. बंद खोलीत दमटपणा साचतो, घाम वाळत नाही. कूलर नसेल तेव्हा दिवसा खिडक्या बंद, रात्री समोरासमोरच्या उघड्या.

नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे घरोघरी भरलेली पिंपं. झाकण घट्ट हवं. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासा: डेंग्यूच्या डासाची अंडी कडांना चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.