कॉफीची तोडणी तोंडावर: आभाळ बघून प्रक्रिया ठरवा

फळांवर लाली चढू लागली की दोन कामे तोडणीआधीच उरकून घ्या. गर काढायचे यंत्र उघडून त्याची फट तपासा आणि वाळवणाची जागा मोजा. दिवसाला किती माल येणार आणि त्यातला किती पसरता येणार, हा हिशेब आधी जमला नाही तर ढीग लागतात. ढीग आतून तापतात आणि माल आंबतो. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाला फुलापासून तोडणीपर्यंत ६ ते ९ महिने लागतात, रोबस्टाला ९ ते ११. एवढी मेहनत वाळवणाच्या पंधरवड्यात वाया जाते, याचेच सगळ्यात वाईट वाटते.

तोडणी एका दमात उरकण्याचा मोह होतो. ब्राझीलमध्ये यंत्राने अख्खे झाड झोडपून फळे काढतात, हे खरे. पण तिथे कोरडा ऋतू ठळक असतो, पाऊस पडला की बहर बराचसा एकदम फुटतो आणि फळेही बरीचशी एकत्र पिकतात. शिवाय जमीन सपाट. विषुववृत्ताजवळ पावसाचे दोन हंगाम असतात. केनिया आणि कोलंबियात वर्षातून दोनदा तोडणी येते, आणि एकाच फांदीवर हिरवे, पिवळट, लाल फळ शेजारी शेजारी असते. तुमच्या झाडांवर असे चित्र असेल तर दर ८-१० दिवसांनी फेरी मारून फक्त पिकलेले फळच तोडा. ओळखायला सोपे आहे: फळ दोन बोटांत दाबा. पिकलेले असेल तर बी सुळकन बाहेर येते, कच्चे असेल तर बोटेच दुखतात. काही वाणांची फळे पिकल्यावरही पिवळीच राहतात, तिथे रंगापेक्षा ही खूण धरा.

तोडलेली फळे पाण्यात टाका. पोचट आणि किडकी वर तरंगतात, ती काढून वेगळी वाळवा. बाकीच्यांवर त्याच दिवशी प्रक्रिया सुरू व्हायला हवी. पोत्यात रात्रभर ठेवलेले फळ सकाळी दारूसारखे वास मारते, आणि तो वास पुढे कशानेही जात नाही.

आता मुख्य मुद्दा. कोणती प्रक्रिया करायची हे बाजारात काय गाजते आहे त्यावरून ठरवू नका, तोडणीच्या काळात आभाळ कसे असते आणि पाणी किती आहे त्यावरून ठरवा. जगातल्या पद्धती तशाच घडल्या आहेत. येमेनमध्ये पाणी कमी आणि ऊन कडक, म्हणून अख्खे फळ घरांच्या गच्च्यांवर वाळवतात. इथिओपियात जाळी ताणलेल्या उंच मांडवांवर फळे पसरतात, म्हणजे हवा खालूनही खेळते. सुमात्रात हवा कायम दमट, कधी पाऊस येईल सांगता येत नाही. तिथे बीवरचे टरफल ३०-३५ टक्के ओलावा असतानाच काढतात आणि उघडे बी वाळवतात. त्यामुळे वाळवण लवकर उरकते. कोस्टा रिकामध्ये गर काढून बीवरचा चिकट थर कमी-जास्त ठेवून वाळवायची पद्धत रुळली आहे. त्यात पाणी वाचते, पण माल एकमेकाला चिकटतो, म्हणून पहिले काही दिवस वाळवणापाशी माणूस हवाच. माझे मत विचाराल तर ढगाळ हवेत अख्खे फळ वाळवायच्या फंदात पडू नका. बुरशी धरली तर नुसती चव जात नाही, ऑक्राटॉक्सिन हे विष तयार होण्याचा धोका असतो.

ओल्या पद्धतीत, म्हणजे गर काढून बी टाकीत आंबवून धुणार असाल तर, टाकीवर नीट लक्ष द्या. गर काढलेले बी १२ ते ३६ तास आंबते. उबदार हवेत लवकर, थंडीत उशिरा, त्यामुळे घड्याळावर विसंबू नका. मूठभर बी पाण्यात धुऊन हातात चोळा. आधी ते साबणासारखे बुळबुळीत लागते. चिकटपणा सुटला की बी खडबडीत लागते, ओल्या खड्यांसारखा करकर आवाज येतो. तो आवाज आला की लगेच धुवायला घ्या, मध्यरात्र असली तरी. केनियात धुतल्यावर पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजत ठेवतात. भरपूर पाणी असेल तरच करावे. धुण्याचे सांडपाणी सरळ ओढ्यात सोडू नका, ते पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. खड्ड्यात साठवा. सालीचे कंपोस्ट होते, तेच बागेत परत जाऊ द्या.

वाळवताना थर ४-५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, मातीला माल टेकू नये आणि दिवसातून अनेकदा हलवा. संध्याकाळी दव पडायच्या आत झाका. धुतलेले बी चांगल्या उन्हात साधारण ८ ते १२ दिवस घेते, अख्खे फळ ३ आठवडे किंवा जास्त. यंत्रात वाळवत असाल तर बीचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. १० ते १२ टक्के ओलाव्यावर थांबा. दाताने चावून बघा: दात रुतला तर ओले आहे, कटकन तुटून तुकडे झाले तर जास्त वाळले. साठवणीत पोती भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या घाला.

शेवटची फेरी झाली की बाग अशीच सोडू नका. झाडावर राहिलेले आणि खाली पडलेले प्रत्येक फळ वेचा. फळ पोखरणारा भुंगा त्या वाळक्या फळांतच दिवस काढतो आणि पाऊस पडला की नव्या फळांवर जातो. वेचलेला माल तिथल्या तिथे बांधावर टाकू नका. उकळत्या पाण्यात बुडवा किंवा खोल पुरा.