वाहतुकीचा पाठ शिकवताना या चुका टाळा

चौथी-पाचवीच्या वर्गात वाहतुकीचा पाठ सुरू झाला की भिंतीवर तक्ता लागतो : जमिनीवरची वाहने, पाण्यातली वाहने, हवेतली वाहने. आठवडाभरात मुलांना सगळी नावे तोंडपाठ होतात. त्याच मुलांना ‘जोराचा पाऊस झाला की आपल्या बसला उशीर का होतो?’ असे विचारले, तर ‘ट्रॅफिक असते म्हणून’ या एका उत्तरापाशी वर्ग थांबतो. पुण्यातल्या मुलांना शिकवताना मीही बरीच वर्षे या तक्त्यावरच भिस्त ठेवली होती. त्यामुळे पुढे सांगितलेल्या चुका बाहेरून पाहिलेल्या नाहीत, त्या माझ्या वर्गातल्या आहेत.

वाहन म्हणजेच तंत्रज्ञान, असे मानणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. वाहनाला रस्ता किंवा रूळ लागतो, ऊर्जा लागते, सिग्नल लागतो, वेळापत्रक लागते आणि ते सांभाळणारी माणसे लागतात. यांतले एक जरी जुळले नाही तरी उत्तम वाहनसुद्धा जागचे हलत नाही. हे नुसते सांगून मुलांना पटत नाही, म्हणून मी आता खडू आणि मोजपट्टी घेऊन सुरुवात करते.

वर्गाच्या फरशीवर दोन समांतर रेघा १६७६ मिलिमीटर अंतरावर आखायच्या. हे आपल्या रेल्वेचे ब्रॉडगेज. शेजारी दुसरी जोडी १४३५ मिलिमीटर अंतरावर आखायची. हे पुणे मेट्रोचे स्टँडर्ड गेज. मग विचारायचे, की शिवाजीनगरला मेट्रोचे आणि रेल्वेचे स्थानक इतके जवळ असताना मेट्रोची गाडी थेट लोणावळ्याच्या रुळांवर का जात नाही? पहिल्या जोडीच्या एकेका रेघेवर एक अशी दोन मुले उभी राहतात, मधले अंतर तसेच ठेवून दुसऱ्या जोडीवर जाऊन पाहतात, आणि २४१ मिलिमीटरचा फरक त्यांना पायांनीच कळतो. दोन्हीकडे डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्टचीच वीज आहे, हे सांगितल्यावर कोडे अधिक रंगते : वीज जुळते, रूळ जुळत नाहीत. मागच्या वर्षी एका मुलीने बराच वेळ रेघांकडे पाहिले आणि ती म्हणाली, “म्हणजे बाई, तिथे माणसांनीच चालत जाऊन जोडायचे.” दोन व्यवस्थांचा सांधा ही स्वतंत्रपणे विचार करण्याची गोष्ट आहे, ही त्या पाठातली सर्वांत अवघड कल्पना तिने एका वाक्यात मांडली होती.

सहल नेणे, पण सांधा न दाखवणे

मेट्रोची सहल बहुतेक शाळा काढतात. मुले बसतात, खिडकीतून पाहतात, उतरतात आणि घरी जातात. सहलीचा निम्मा वेळ जिल्हा न्यायालय स्थानकासाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही मार्गिका तेथे जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे, तर वनाज ते रामवाडी ही मार्गिका उन्नत, म्हणजे रस्त्याच्याही वर आहे. खालच्या फलाटावरून वरच्या फलाटावर जाताना सरकते जिने किती लागले, किती मिनिटे गेली, पाट्या कोठे सापडल्या आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला लिफ्ट कोठे मिळेल, हे मुलांनी वहीत नोंदवावे. गाडीचा वेग सांगणारी मुले पुष्कळ भेटतात. गाडी बदलण्यात गेलेला वेळ प्रवासात धरणारी मुले या नोंदीतून तयार होतात.

वेळ नसलेली प्रतिकृती

पुठ्ठ्याचे पूल आणि आगपेट्यांच्या बसगाड्या सुंदर दिसतात, पण त्यांत काहीच बिघडत नाही. त्याऐवजी चिंचोके घ्यावेत. समजा, मेट्रो दर दहा मिनिटांनी येते आणि प्रत्येक फेरीतून बस हवी असलेले चार प्रवासी उतरतात. बस अर्ध्या तासाने येते आणि त्यांतले आठच घेते. दर अर्ध्या तासाला बारा चिंचोके येतात, आठ जातात आणि थांब्यावर चारांची भर पडते. दोन तासांत तेथे सोळा जण ताटकळलेले असतात. मुले आधी मोठी बस मागतात. तीच बस पंधरा मिनिटांनी आणली तर काय होते, हे त्यांना करून पाहू द्यावे, आणि बस मेट्रोच्या दोन मिनिटे आधी सुटली तर काय होते तेही. उत्तर सांगण्याची घाई शिक्षकांनी करू नये.

‘जुने गेले, नवे आले’ असा इतिहास

बैलगाडी, वाफेचे इंजिन, विजेचे इंजिन अशी रांग लावली की मुलांना वाटते, प्रत्येक नव्या यंत्राने जुनी अडचण संपवली. बोरघाटाचे उदाहरण द्यावे. घाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. इंजिने बदलली, पण ३७ मीटरला एक मीटर असा चढ तसाच राहिला. म्हणूनच आजही अनेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडली जातात.

परीक्षेत पुन्हा नावेच विचारणे

वर्गात सांधे शिकवून चाचणीत ‘हवेतील दोन वाहने लिहा’ असे विचारले, तर मुले पुन्हा तक्त्याकडे वळतात. मी हल्ली एकच प्रश्न देते आणि शहराचा नकाशा जवळ ठेवू देते : खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडले आहे आणि भिडे पूल पाण्याखाली गेला आहे. डेक्कनहून नारायण पेठेत जाणाऱ्या दुचाकी आता कोणत्या पुलाकडे वळतील, त्या पुलावरच्या बसचे काय होईल, आणि त्या बससाठी पुढच्या थांब्यावर उभ्या असलेल्या आजींना ही गोष्ट कोणी, कशी कळवावी?