केसीन दिसत नाही? प्रोलॅक्टिनला दोष देण्याआधी या चुका टाळा

चार दिवस स्तनग्रंथीच्या पेशींना संप्रेरकं दिली, आरएनए काढला, क्यूपीसीआर (ठरावीक आरएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) लावला आणि बीटा-केसीनचा, म्हणजे दुधातल्या एका प्रथिनाचा, आलेख जमिनीला चिकटलेला. अशा वेळी सगळ्यांचा पहिला संशय प्रोलॅक्टिनच्या, म्हणजे दूध तयार करायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या, बाटलीवर जातो. माझाही गेला होता. दोन चांगल्या बाटल्या मी फेकून दिल्या. दोष पेशींचा होता, म्हणजे खरं तर माझ्या घाईचा. एचसी-११ पेशींवर (गाभण उंदराच्या स्तनग्रंथीपासून तयार झालेल्या) काम करणाऱ्या बहुतेकांचा प्रयोग संप्रेरकं टाकण्याच्या आधीच फसलेला असतो.

प्लेट भरली म्हणजे पेशी तयार झाल्या, असं समजणं

या पेशी वाढवताना मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) साधारणपणे १० टक्के सीरम, मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम इन्सुलिन आणि १० नॅनोग्रॅम ईजीएफ (पेशींची वाढ घडवणारं प्रथिन) असतं. ८० टक्के प्लेट भरली की आपला हात शिवशिवतो. थांबा. प्लेट पूर्ण भरू द्या आणि त्यानंतरही दोन-तीन दिवस तशीच ठेवा. शेजारच्या पेशींशी घट्ट जोडणी आणि स्वतःच तयार केलेलं खालचं जाळं, म्हणजे मॅट्रिक्स, या दोन्हींशिवाय केसीनचं जनुक प्रोलॅक्टिनला दाद देत नाही.

ईजीएफची गंमत वेगळीच आहे. वाढीच्या काळात ते दिलं नाही तर पेशी पुढे प्रतिसाद देण्याच्या लायकीच्याच होत नाहीत आणि संप्रेरकं देताना ते मीडियममध्ये राहिलं तर केसीन दाबून टाकतं. त्यामुळे आधी ते हवंच आणि नंतर ते नकोच. मीडियम नुसतं बदलू नका. पेशी धुऊन घ्या, एक दिवस ईजीएफशिवाय ठेवा आणि मग डेक्सामेथासोन (ग्लुकोकॉर्टिकॉइड गटातलं कृत्रिम स्टेरॉइड), इन्सुलिन व प्रोलॅक्टिन द्या.

तीन-चार दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक खूण बघा. सगळा थर स्पष्ट दिसतो, पण मध्येच एखादा गोल तुकडा धूसर असतो. फाइन नॉब किंचित फिरवला की तो स्पष्ट होतो आणि भोवतालचं धूसर होतं. थराखाली द्रव साठून तिथे घुमट उचलला गेलेला असतो. घुमट दिसले म्हणजे केसीन आलंच असं नाही. पण एकही घुमट नसेल तर मी आरएनए काढण्याआधी पासेज नंबर, म्हणजे पेशी किती वेळा नव्या प्लेटमध्ये हलवल्या तो आकडा, बघते. फार वेळा पासेज केलेल्या पेशी हळूहळू प्रतिसाद हरवतात.

चुकीच्या कंट्रोलशी तुलना

एका बाजूला तिन्ही संप्रेरकं आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशी तुलना सर्रास केली जाते. त्यातून प्रोलॅक्टिनबद्दल काहीच सिद्ध होत नाही. प्रोलॅक्टिनच्या रिसेप्टरला (पेशीवर संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनाला) जोडलेलं जॅक२ हे एन्झाइम स्टॅट५ या प्रथिनाला फॉस्फेट लावतं, स्टॅट५ केंद्रकात जातं आणि डेक्सामेथासोनने जागा झालेला ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर तिथे त्याच्या जोडीला उभा राहतो. या जोडीमुळेच जनुक जोरात चालतं. एकेकटं संप्रेरक फार तर कुरकुरतं. म्हणून प्रोलॅक्टिन वगळून एक गट आणि डेक्सामेथासोन वगळून एक गट ठेवाच. डेक्सामेथासोन ज्या द्रावकात विरघळवलंय तो तेवढाच प्रत्येक गटात हवा.

सीरमचंही तेच. त्यात स्टेरॉइड असतात, म्हणजे तुमच्या ‘डेक्सामेथासोनशिवाय’ गटातही थोडं ग्लुकोकॉर्टिकॉइड असतंच. चारकोलने स्वच्छ केलेलं सीरम वापरा, पण चारकोल मुख्यतः लहान, चरबीत विरघळणारे रेणू ओढून घेतो. प्रथिन संप्रेरकं बरीचशी तशीच राहतात.

‘जास्त घाला, जास्त मिळेल’

प्रोलॅक्टिनचा एक रेणू दोन रिसेप्टरना एकत्र आणतो, तेव्हा संदेश पुढे जातो. रेणूंची गर्दी झाली तर प्रत्येक रिसेप्टरला आपापला रेणू मिळतो, जोडी जुळत नाही आणि प्रतिसाद उलट घसरतो. संदेश नीट येत नाही म्हणून डोस दहापट करण्याआधी तो कमी करूनही बघा.

चुकीच्या घड्याळावर नमुना घेणं

स्टॅट५वरचं फॉस्फेट बघायचंय? पहिल्या १५ ते ३० मिनिटांत बघा. फॉस्फेट काढणारी एन्झाइम्स पेशी फुटल्यावरही कामावर असतात, म्हणून प्लेट बर्फावर आणि लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) ती एन्झाइम्स रोखणारं ऑर्थोव्हॅनाडेट. केसीनच्या एमआरएनएला (ज्यावरून प्रथिन बनतं त्या आरएनएला) मात्र दिवस लागतात. एकाच वेळी काढलेल्या नमुन्यांत दोन्ही गोष्टी शोधल्या तर एक हमखास हुकते.

नसलेलं प्रथिन शोधणं

हे हसण्यासारखं वाटेल, पण होतं. उंदराच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नसतं, माणसाच्याही नसतं. गाईच्या दुधात व्हे अ‍ॅसिडिक प्रोटीन नसतं. उंदराच्या दुधात ते आहे, पण प्लास्टिकवर सपाट वाढवलेल्या पेशींकडून ते मागू नका. त्यासाठी पेशींना बेसमेंट मेम्ब्रेनसारख्या जेलमध्ये गोल पोकळ रचना करू द्यावी लागते.

एमआरएनए वाढला म्हणजे जनुक ‘चालू’ झालं

निष्कर्ष लिहिताना होणारी ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. उंदरांच्या मोठ्या भावंडांच्या, म्हणजे रॅटच्या, स्तनग्रंथीच्या तुकड्यांवर १९७९ साली झालेल्या कामात प्रोलॅक्टिनमुळे केसीन जनुकाचं ट्रान्सक्रिप्शन (जनुकावरून नवा आरएनए तयार होणं) दोन ते चारपटच वाढलं होतं, पण केसीनच्या एमआरएनएचं अर्धायुष्य १७ ते २५ पट वाढलं होतं. म्हणजे साठलेल्या एमआरएनएचा मोठा भाग नव्याने तयार झालेला नसून न मोडता टिकलेला असू शकतो. क्यूपीसीआर या दोन गोष्टींत फरक करत नाही. ‘प्रोलॅक्टिनने ट्रान्सक्रिप्शन वाढवलं’ असं लिहायचं असेल तर प्रमोटरला (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागाला) जोडलेला ल्युसिफरेज, म्हणजे प्रकाश देणारं एन्झाइम, किंवा इंट्रॉनवर (पक्क्या एमआरएनएमधून कापल्या जाणाऱ्या भागावर) प्रायमर लावून नुकताच तयार झालेला आरएनए मोजा. आणि डीएनएज (डीएनए तोडणारं एन्झाइम) वापरायला विसरू नका, नाहीतर इंट्रॉनचे प्रायमर जीनोमिक डीएनएच मोजत बसतील.