सुटलेली दहावी, कामधंदा सांभाळून

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी चौदाव्या वर्षापासून कधीही देता येते, वरची वयोमर्यादा नाही. माध्यम मराठीही घेता येतं.

अर्ज ऑनलाइन भरायचा, पण त्याआधी जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर ताडून पाहा. गोव्यात घोळ होतो तो इथेच: जुन्या दाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं ‘कामोतीं’, आधारवर ‘कामत’. गुणपत्रिकेवर चुकीचं नाव आलं की दुरुस्तीसाठी हेलपाटे पडतात. म्हणून आधी कागद सारखे करून घ्या.

विषय पाच, त्यात किमान एक भाषा. पूर्वी गोवा बोर्डाच्या दहावीत नापास झाला असाल, तर उत्तीर्ण विषयांपैकी दोनांचे गुण इकडे आणता येतात. ती जुनी गुणपत्रिका शोधाच, अभ्यास तेवढा हलका होतो. विज्ञान घेतलं तर प्रात्यक्षिकांना अभ्यासकेंद्रावर जावं लागतं. कामावरून रजा मिळत नसेल तर दुसरा विषय बरा.

घरी लिहायच्या स्वाध्यायांना 20 टक्के वजन असतं. ते मुदतीत द्या, फुकट घालवू नका. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के लागतात.

परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे एका खेपेला दोनच विषय दिले तरी चालतं. हॉटेलात काम करणाऱ्यांनी पहिली खेप एप्रिलची धरावी, अभ्यासाला पावसाळ्यातले रिकामे दिवस हवे असतील तर ऑक्टोबरची.